८३ची पद्मिनी: कार्पेट उचललं, खाली भोक निघालं. आता आत काय घालू?

वायंडिंगवाला_देवगड

नमस्कार मंडळी. माझं देवगडात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. बागेतले पंप, पंखे, बर्फाच्या कारखान्यातल्या मोठ्या मोटारी, हे माझं रोजचं काम. गाडीतलं वायरिंग मला पूर्ण कळतं, इंजिन थोडंफार कळतं, आणि कुशनकाम शून्य. म्हणून विचारतोय.

गेल्या दिवाळीत १९८३ची प्रीमियर पद्मिनी घेतली. तालुक्यातल्याच एका डॉक्टरांची. ते गेल्यावर गाडी बारा वर्षं माडाच्या झापांच्या मांडवाखाली उभी होती आणि समुद्र तिथून हाकेवर. इंजिन, तेच १०८९ सीसीचं, दोन रविवारांत सुरू झालं, तेव्हा मीच चाट पडलो. स्टिअरिंगवरचा गिअर अजून मऊ पडतो. पण आत बसलं की वास येतो. ओल्या गोणपाटाचा, आणि त्याच्या मागून उतरलेल्या आंब्याचा. बायको म्हणाली, ह्या गाडीतून मी कणकवलीलाही येणार नाही.

कार्पेट मूळचं नव्हतंच. जिन्यावर घालतात तसलं लाल, कोणीतरी नंतर चिकटवलेलं. पुढच्या डाव्या बाजूचा कोपरा धरून ओढला, तर खालचा तागाचा नमदा पत्र्याचे पापुद्रे घेऊनच वर आला, खपली काढावी तसा. त्याखाली काय काय होतं सांगतो: बोटभर ओली वाळू, आंब्याच्या पेटीतला भाताचा पेंढा (काळा पडलेला), इंजेक्शनच्या बाटलीची तीन रबरी बुचं, एक केसाची पिन, आणि २० पैशांची दोन षटकोनी नाणी. नाण्यांवर पांढरी भुकटी चढलेली, चिमटीत धरलं तर कडा तुटली. ॲल्युमिनियमची ही गत, मग लोखंडाचं काय झालं असेल? स्क्रूड्रायव्हर हलकेच टोचला तो आरपार गेला. आता त्या भोकातून अंगणातला चिरा दिसतो.

इथल्या एका कुशनवाल्याला बोलावलं. त्याने गुडघाही न टेकता वरूनच बघितलं. म्हणाला, "भोकावर पत्रा ठोकू, वरून डांबर ओतू, त्यावर फोम, त्यावर कार्पेट, सगळं चिकटवून टाकतो. दोन दिवसांत गाडी घेऊन जा. अठरा हजार."

मला ते पटलं नाही. कुशनमधलं कळत नसलं तरी एक गोष्ट मला माहीत आहे. मोटारीत ओल असताना वरून वार्निश मारलं की ओल आत कोंडते. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावल्याशिवाय ती दिसत नाही आणि महिन्याभरात वायंडिंग जळून गिऱ्हाईक दारात उभं राहतं. पत्र्याचं वेगळं काय असणार? पण गाडीला मेगर कुठे लावायचा?

तर माझे प्रश्न. फ्लोअर दुरुस्त केल्यावर वर काय घालावं, नमदा, फोम, की काहीच नको? चारही दारांचे आतले हार्डबोर्ड फुगून पुरीसारखे झालेत. तसेच नवे कापून आमच्या वायंडिंगच्या वार्निशमध्ये बुडवून ओव्हनमध्ये भाजले तर टिकतील का? आणि छताच्या लायनिंगवर आडवे तपकिरी पट्टे उमटलेत, ठरावीक अंतरावर, ते कशाने? पाऊस यायला दोन महिने आहेत. फोटो टाकतो, फक्त हसू नका.

तारकर्लीचो_बाबू

माजो बापूस मालवणात हीच गाडी टॅक्सी म्हणान चालवी. त्येना जल्मात कार्पेट घालूक नाय. खाली नुसतो रंग आनि वर काथ्याची चटय, ती पन सुटी. पावसात रोज सांजच्याक चटय काडून पडयेत वाळत घाली आनि फ्लोअर फडक्यान पुशी. आमी हसू. गाडी गंजली ती मडगाडात, फ्लोअर शेवटपर्यंत धड होतो. काथ्या खाऱ्या पान्यात लवकर कुजना नाय, पयले होडयेचे दोर त्येचेच होते. फोमबीम घालू नकात. आनि आदी पानी खयसून येता ता बघा, मगे चटयेचा बघा.

चिपळूणची_फियाट

बाबूंचं शेवटचं वाक्य पहिलं घ्या.

माझी ७८ची पद्मिनी २२ जुलै २०२१च्या पुरात स्टिअरिंगपर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर मी मूर्खपणा केला. वरवर धुतली, चार दिवस दारं उघडी टाकली, कार्पेट वरून कोरडं लागलं म्हणून खुश झालो. ऑक्टोबरात सीट काढली तर खाली वाशिष्ठीचा चिखल अजून श्रीखंडासारखा. वरचं कार्पेट कोरडं, खालचा नमदा ओला, मधे तीन महिने. तेव्हापासून नमद्यावर माझा विश्वास नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे थोडं मास्तरकीचं सहन करा. माझा चिखल गोड्या पाण्याचा होता, तुमचं दुखणं मिठाचं आहे आणि ते जास्त वाईट. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि त्यात स्वतः विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते हेच. किनाऱ्यावर वर्षातले कितीतरी दिवस हवा त्या रेषेच्या वर असते. म्हणजे गाडीत थेंबभर पाणी शिरलं नाही तरी मीठ मुरलेला नमदा आपला आपण ओला होतो. तुम्ही तो वाळवाल, रात्री तो परत ओला. धुऊन वापरायचा विचार सोडा, फेकून द्या.

पत्र्याचंही तेच. घासण्याआधी फ्लोअर गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, मग वाळवा, मग तारेच्या ब्रशने पापुद्रे काढा, परत धुवा. मीठ राहिलं आणि वर प्रायमर मारला तर वर्षभरात रंगाला फोड येतात. गंज घासून उरतो त्या काळसर डागांवर टॅनिक ॲसिडवालं कन्व्हर्टर मिळतं ते लावा, गंज निळा-काळा होऊन बसतो. (हिरड्याच्या काढ्यात गंजका खिळा टाकला की शाई होते ना, तीच प्रक्रिया. पण घरचा हिरडा उकळून गाडीला लावू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने लावला होता.) त्यावर इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलंट, मग रंग. डांबर मात्र अजिबात नको. ते पत्र्यावरून सुटतं आणि त्या फटीत पाणी बसतं, तुमच्या वार्निशसारखंच.

आणखी एक. ह्या गाडीला वेगळी चासी नाही. १९५३च्या इटालियन फियाट ११००पासून ती तशीच आहे, फ्लोअर आणि सिल (दारांखालचा पत्र्याचा पट्टा) मिळूनच गाडी उभी राहते. तेव्हा भोकावर पत्रा "ठोकू" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून सीओटू वेल्डिंगने नवा तुकडा बसवायला हवा. बॅटरी सोडून, आणि आतला प्रत्येक धागा बाहेर काढून. फोम पेटायला वेळ लागत नाही.

फक्त_ओरिजिनल

कार्पेटच कशाला? रबरी मॅट शोधा आणि व्हिंटेज नंबर घ्या. काथ्या, फोम असले उद्योग केलेत तर गाडीची किंमत शून्य.

वायंडिंगवाला_देवगड

@फक्त_ओरिजिनल दादा, २०२१च्या नियमाप्रमाणे व्हिंटेजला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हावी लागतात, नोंदणीला २० हजार फी, आणि वर ती गाडी रोज फिरवता येत नाही. माझी ८३ची. २०३३ला मी असलो तर बघू. मला ह्यातून बाजाराला जायचंय. मॅट तुमच्याकडे असेल तर कळवा.

@चिपळूणची_फियाट सर, श्रीखंड वाचून पोटात ढवळलं, पण पटलं. काल धुतली. पहिल्या बादलीचं पाणी बोटाने चाखून बघितलं, खारट. तिसऱ्या बादलीला चव गेली. हाच माझा मेगर.

लांजा_टॅक्सीकुशन

राम राम. मी सांगतो तसं नातू टाइप करतोय, चुका त्याच्या.

मुंबईत ३१ वर्षं कुशनच्या गाळ्यात काम केलं, त्यातली बहुतेक ह्याच गाडीत वाकून. काळी-पिवळीची शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदली गेली आणि २० वर्षं भरल्यावर २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. मी त्याच्या आधीच गावी आलो, पण हाताला अजून ती गाडी पाठ आहे.

आधी पाणी. दोन माणसं लागतात. एक आत बसेल, हातात टाल्कम पावडरचा डबा. काचेच्या रबराखाली, पुढच्या तिकोनी काचेच्या कोपऱ्यात, डॅशबोर्डखाली वायरी आत येतात तिथे, सगळीकडे पावडर फुंकायची. दुसरा बाहेरून पाइपने पाणी मारेल, खालून वर, एका वेळी एकच जागा, पाच-पाच मिनिटं. पाणी जिथून येतं तिथे पावडरवर वाट उमटते, गोगलगाय गेल्यासारखी. तिकोनी काचेचं रबर हमखास कडक झालेलं असतं. पायाखाली ओलं होतं ते बहुतेक तिथूनच, लोक उगाच फ्लोअरला दोष देतात.

आता दारं. लोकांना वाटतं दारात पाणी शिरू नये. शिरणारच. काचेच्या फटीतून ते आत जातं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं, दार तसंच बनवलेलं असतं. भोकं मातीने बुजली की पाणी साचतं आणि हार्डबोर्ड पितो. सायकलच्या स्पोकने भोकं मोकळी करा. मग बोर्ड आणि पत्रा यांच्यामधे जाड प्लास्टिक हवं. गॅरेजवाले बोर्ड काढताना ते फाडतात आणि परत लावत नाहीत, नव्वद टक्के दारं इथे मरतात. प्लास्टिकची खालची कड दाराच्या आत वळवायची, म्हणजे थेंब ओघळून परत दारातच पडेल. कड बाहेर राहिली तर तोच थेंब बोर्डावर.

बोर्डाचं म्हणाल तर हार्डबोर्ड वार्निशमध्ये बुडवून भाजायचा विचार वाईट नाही, पण बोर्ड मुळात लाकडाच्या लगद्याचा. कुठेतरी एक ओरखडा गेला की तिथून परत पिणार. तुमच्याकडे बंदर आहे. होडीवाले मरीन प्लाय वापरतात, आयएस ७१०चा शिक्का बघून ४ मिमीचा घ्या. वार्निश त्याला लावा, आणि सपाट बाजूपेक्षा कडांना आणि क्लिपांच्या भोकांना जास्त. प्लाय पितो तो कडेतून. एक अडचण येईल. जुना बोर्ड पातळ होता, क्लिप आता पत्र्यात पोचणार नाही. भोकाभोवती मागून रुपयाएवढी जागा पटाशीने तासा. काढताना हँडलमागची वाटी आत दाबली की पिन दिसते, ओढाताण करू नका, ते हँडल मिळायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चपला झिजवाव्या लागतील.

फ्लोअरला काय? बाबू म्हणतात ते खरं आहे पण नुसत्या रंगावर चटई टाकली तर गाडी डब्यासारखी वाजते. तुमच्या घरच्यांना ते चालणार नाही असं दिसतंय. एसीच्या पाइपवर काळं नायट्राइल गुंडाळतात ना, त्याची ६ मिमीची शीट घ्या. त्याची छिद्रं बंद असतात, पाणी पीत नाही. पिवळा यू-फोम म्हणजे स्पंज, दुकानदार स्वस्त म्हणून तोच गळ्यात मारेल. तुकडा बादलीत बुडवून पिळून बघा आणि मग पैसे द्या. वर पॉलिप्रॉपिलीनचं कार्पेट, तेही पाणी धरत नाही. लोकरी नको, सुती नको.

आणि चिकटवायचं नाही. हे माझं एकच मागणं. वर्तमानपत्राचे नमुने कापा, डावा, उजवा, मधला उंचवटा आणि मागचा असे चार तुकडे. प्रत्येक बाजूला इंचभर जास्त ठेवा, बसवून मग कापा. कडेला रेक्झिनची पायपिंग शिवून घ्या आणि खाली चार बटणं. उचललं, झटकलं, परत टाकलं. टॅक्सीवाले भांडायचे, पक्कं चिकटव म्हणून. जे चिकटवलं ते पुढच्या वर्षी फाडायलाही मलाच बोलवायचे, माझं काय जात होतं?

रंग मातीचा घ्या. काळ्यावर जांभ्याची धूळ पहिल्या दिवशी दिसते.

टापाचे, म्हणजे छताच्या लायनिंगवरचे, पट्टे म्हणजे आतल्या तारा. लायनिंग छताला चिकटलेलं नसतं, तारांवर टांगलेलं असतं. तारा गंजल्या आणि रेक्झिनमधून गंज उतरला. काढताना प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून नंबर घाला, पुढून मागे. प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. एकदा मी नंबर न घालता पाचही तारा कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या. त्या दिवशी रात्री साडेअकराची गाडी पकडली.

वायंडिंगवाला_देवगड

काका, नमस्कार. तारांचं वाचून एक सुचलं. मोटारीच्या लीडवर (बाहेर येणाऱ्या वायरींवर) आम्ही काचतंतूची वार्निश केलेली स्लीव्ह चढवतो, उष्णता आणि ओल दोन्ही सोसते. ६ मिमीची माझ्याकडे पडून आहे. तारा घासून, रंगवून, त्यावर स्लीव्ह घालून मग लायनिंगच्या नेफ्यात सरकवली तर? गंज रेक्झिनला शिवणारच नाही. आणि कडांना फेविकॉल एसआर ९९८ चालेल का?

लांजा_टॅक्सीकुशन

३१ वर्षांत हे मला सुचलं नाही. घाला. फक्त नेफा थोडा सैल शिवून घ्या, नाहीतर तार अर्ध्यात अडकेल.

चिकट तोच, पण वेळ सांभाळा. दोन्ही बाजूंना पातळ लावायचा आणि थांबायचं. बोटाला चिकटेनासा झाला की मग दाबायचं, आधी नाही. पावसाळी हवेत लावला तर त्यातला थिनर उडताना तो गार पडतो, त्यावर दव धरतं आणि पांढुरकी साय येते. हाताला सुकल्यासारखा लागतो पण गणपतीपर्यंत टाप डोक्यावर येतो. टापाचं काम मे महिन्यात, सकाळी अकरा ते दुपारी तीन. रेक्झिन आधी तासभर उन्हात पसरा, मऊ पडलं की ताणायला घ्या. मागून पुढे.

वायंडिंगवाला_देवगड

गणपती झाले, आता लिहायला वेळ मिळाला.

फ्लोअरचे दोन तुकडे कापून नवे घातले. एक भोक दिसत होतं, घासल्यावर पाच झाली. वेल्डिंगवाला बंदरावरचाच, ट्रॉलरची कामं करणारा. त्याला गाडी म्हणजे खेळणं वाटलं, पण जोड असा घातला की खालून हात फिरवला तर लागत नाही. पावडरची परीक्षा मी आणि पोरीने केली. तीन ठिकाणी वाटा उमटल्या. दोन वायरींच्या ग्रोमेटमधून (वायर आत येते त्या भोकाच्या रबरातून), एक तिकोनी काचेतून, काका म्हणाले तशी.

स्लीव्ह तारांवर छान चढली. नेफे मात्र शिंपिणीने पहिल्यांदा घट्टच शिवले. पुढच्या दोन तारा साबण लावून सरकवल्या, उरलेले तीन नेफे उसवून परत शिवले. टाप मे महिन्यात ताणला तेव्हा घामाने मीच लायनिंगवर डाग पाडले, ते आता मागच्या सीटवर झोपून वर बघितलं तरच दिसतात. प्लायचे बोर्ड चार पावसाळी महिने सपाट राहिलेत. चौथ्या दाराची एक क्लिप अजून टक टक वाजते, तिथली जागा तासायला कंटाळा केला होता.

कार्पेट विटकरी घेतलं, चार तुकडे, बटणावर. ड्रायव्हरच्या पायाखाली वेंगुर्ल्याची काथ्याची चटई, बाबूंच्या वडिलांसाठी. जुलैत दर रविवारी तुकडे उचलून खाली हात फिरवायचो. उजवीकडे कोरडं, मागे कोरडं, डावीकडे पुढे ओलं. तिकोनी काचेचं नवं रबर मिळालं ते दुसऱ्याच कुठल्या गाडीचं निघालं, कोपऱ्यात बसतच नाही. तोवर त्या काचेखाली घडी केलेला टॉवेल असतो. बायको आता कणकवलीला येते, पण मागच्या सीटवर बसते.

चांगलं रबर कोणाकडे असेल तर सांगा. डावं.

तारकर्लीचो_बाबू

बापाशीच्या गाडयेचा एक माळ्यार आसा. उजवा की डावा ता उद्या बघून सांगतंय.